बंदरावरचा दिवस आणि सकाळची गोळी



मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या प्रवासी जहाजाने गोवा, कोची, लक्षद्वीप अशी सफर करून आलेली ज्येष्ठ मंडळी आता नाशिकमध्येही पुष्कळ भेटतात. निघण्यापूर्वी दवाखान्यात येणारे बहुतेक जण बोट लागू नये म्हणून गोळी मागतात. मला काळजी वाटते ती जहाज बंदराला लागते त्या दिवसाची. जहाजावर जेवण वेळेवर मिळते, खोली थंड असते, स्वच्छतागृह चार पावलांवर आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. बंदरावर उतरताच यांतले काहीही आपल्या हाती राहत नाही.

कोचीचेच उदाहरण घ्या. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभे राहिले. जहाज त्याच्या धक्क्याला लागते. तेथून बसने फोर्ट कोची. तेथील चिनी जाळी, १५२४ साली वास्को द गामाला जेथे पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च, मट्टनचेरीच्या राजवाड्यातील रामायणाची भित्तिचित्रे आणि १५६८ चे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, एवढे पाहायचे म्हणजे पाच-सहा तासांचे चालणे-उभे राहणे आले. नाशिकची हवा कोरडी. तेथे आपला घाम चटकन वाळतो आणि शरीर थंड होते. कोचीच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. सदरा ओलाचिंब होतो, पाणी व क्षार निघून जातात, शरीर मात्र तापलेलेच राहते.

अशा दिवशी घराघरांत एक गोष्ट ठरल्यासारखी घडते. ‘बाहेर जायचे आहे, लघवीची पंचाईत नको’ म्हणून आजी सकाळची लघवी वाढवणारी गोळी गुपचूप वगळतात आणि पाणीही पीत नाहीत. हृदय दुर्बल असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे फार महागात पडू शकते. आदल्या दोन-तीन दिवसांत जहाजावरील लोणची, पापड, सूप यांतून भरपूर मीठ पोटात गेलेले असते. त्यात गोळी चुकली, की पाणी अंगात साठते. दिवस बरा जातो. रात्री जहाज खुल्या समुद्रात असताना आडवे होताच धाप लागते. पायांवर सूज आली, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले किंवा रात्री उशांची संख्या वाढवावी लागली, तर जहाजावरील डॉक्टरांना लगेच दाखवावे.

यावरचा उपाय निघण्यापूर्वीच विचारून ठेवण्याचा आहे. गोळीच्या प्रकारानुसार त्या दिवशी ती दुपारी परत आल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलट्या किंवा जुलाब झाले तर तीच गोळी काही काळ थांबवावी लागू शकते. तेही त्याच कागदावर असू द्या. पाणी किती प्यावे, याचा आकडाही प्रत्येकाचा वेगळा असतो. ओआरएसमध्ये मीठ असते, म्हणून हृदयरोग्यांनी ते सरबतासारखे सहज पीत राहू नये.

मधुमेहींची अडचण निराळी. उतरण्याची घाई, लांबलचक रांग, ओळखपत्रांची तपासणी यांत न्याहारी लांबते, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेमाने घेतले जाते. मग साखर उतरते. घाम फुटणे ही तिची ओळखीची खूण. पण कोचीत घाम कोणाला फुटत नाही? त्यामुळे सोबतच्यांच्या ते लक्षातच येत नाही. उत्तरे असंबद्ध येऊ लागली, चिडचिड वाढली, हात थरथरले, तर ऊन लागले असे समजून सावलीत बसवून ठेवू नका. ग्लुकोमीटरने साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र जवळ नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. व्होग्लिबोज घेणाऱ्यांसाठी मात्र ग्लुकोजची पूड जवळ हवी, कारण त्या औषधामुळे साधी साखर पचायला वेळ लागतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. गोळी न्याहारीचे ताट समोर आल्यावरच घ्यावी, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ संकटे टळतात.

प्रार्थनामंदिरात पादत्राणे काढावी लागतात. पायांना बधिरपणा असलेल्यांनी मोजे जवळ ठेवावेत आणि रात्री तळपाय पाहावेत. लक्षद्वीपला तर मोठे जहाज किनाऱ्याला लागतच नाही. प्रवाळांच्या बाहेर थांबते आणि हलत्या छोट्या नावेत पाऊल टाकावे लागते. गुडघे किंवा तोल यांची खात्री नसेल, तर तो मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका पावलासाठी खुबा मोडून घेण्यात काही शहाणपण नाही.

औषधे खोलीत ठेवून उतरू नका. दुपारचीच नव्हे, निदान दोन दिवसांची औषधे पिशवीत हवीत. जहाज सर्वांसाठी थांबत नाही. रोज खोलीत येणाऱ्या वेळापत्रकावर बंदरातील प्रतिनिधीचा क्रमांक छापलेला असतो, तोही सोबत घ्या. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या व्यक्तीच्या खिशात जहाजाचे नाव, परतीची वेळ आणि सोबत्याचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आणि उतरायलाच हवे असे कोणी सांगितले? ‘एवढे पैसे भरले, आता खाली नको बसायला’ असे म्हणत थकलेल्या वडिलांना ओढून नेणारी मुले मी पाहिली आहेत. बंदरातील दिवशी जहाज शांत असते, गर्दी ओसरलेली असते. डेकवरून बंदराची वर्दळ पाहण्यातही मौज आहे. सोबतीला कोणी एकाने थांबावे. मात्र दरवेळी तो एक जण म्हणजे सूनच, असे होऊ देऊ नका. कोचीला ती उतरली तर गोव्याला मुलाने थांबावे. वर्षभर सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या त्या बाईलाही चिनी जाळी पाहायची असतात.