फॅन डायरेक्ट करू नका, स्विच बदला

आज ऊस-सोयाबीन बाजूला ठेवतो आणि गाडीवर लिहितो. आपल्याकडे जुन्या गाड्या अजून बऱ्याच चालू आहेत, आणि कितीतरी गाड्यांच्या डॅशबोर्डखाली घरातल्या लाईटचं एक बटण लटकलेलं दिसतं. ते रेडिएटरच्या फॅनचं. माझ्या १९९७ च्या मारुती ८०० लाही होतं.

चार वर्षांमागं फॅन आपोआप लागायचा बंद झाला. मेस्त्री म्हणाला, "स्विच गेलाय, पण कशाला पैसे घालवता? डायरेक्ट करून देतो." मलाही बरं वाटलं. काटा वर चढला की बटण दाबायचं, उतरला की बंद. मी चार वर्षं चालवली, काही झालं नाही.

गेल्या मे महिन्यात पोरगा त्याच्या आईला घेऊन चिपळूणला लग्नाला गेला. येताना कुंभार्ली घाटात पुढं भरलेला ट्रक, पहिल्या-दुसऱ्या गियरवर चढण, वर ऊन. बटणाचं त्याला एकदा सांगितलं होतं म्हणे मी. त्याच्या ध्यानात कुठलं राहतंय? बॉनेटमधून वाफ आली तेव्हा गाडी थांबवली. नशीब, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं नाही, नाहीतर तोंड भाजलं असतं. दोघं तीन तास घाटात बसून. अॅल्युमिनियमचं हेड वाकलं, गॅसकेट उडालं. हेड प्लेन करणं, गॅसकेट, ऑईल, मजुरी धरून साडेनऊ हजार गेले. स्विच आला साडेतीनशेला.

चूक पोराची नव्हती, माझी होती. गाडीचं काम मी माझ्या आठवणीवर टाकलं होतं.

आपली गफलत ट्रॅक्टरमुळं होते. ट्रॅक्टरचा फॅन पट्ट्यावर असतो, इंजिन फिरतंय तोवर तो फिरणारच. कारचा फॅन विजेवर. गाडी पळत असली की समोरचा वाराच पुरतो. फॅन लागतो तो घाटात, बाजारच्या गर्दीत, उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकल्यावर. तो कधी लावायचा हे स्विच ठरवतो. साधारण ९०-९५ अंशाला आत जोड लागतो, पाच-सात अंश उतरला की सुटतो. विहिरीवरच्या ऑटो स्टार्टरसारखंच काम.

काही मेस्त्री फॅन चावीवर जोडून कायम चालू ठेवतात आणि वर थर्मोस्टॅटही काढून टाकतात. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, फॅनच्या मोटारीचे कार्बन लवकर झिजतात. वाटेत अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं डायरेक्ट करा, त्याला माझी ना नाही. घरी आल्यावर मात्र ते काढा.

आता दुसरा घोळ. फॅनचा स्विच वेगळा आणि काट्याचा सेन्सर वेगळा. इंजेक्शनवाल्या गाडीत कॉम्प्युटरला माहिती देणारा सेन्सर असतो आणि बऱ्याच गाड्यांत फॅनही तोच कॉम्प्युटर लावतो. असा सेन्सर आतून तुटला तर कॉम्प्युटरला इंजिन बर्फासारखं गार वाटू शकतं, मग पेट्रोल जास्त सोडलं जातं, काळा धूर येतो. सेन्सर मीटरवर कळतो: गार असताना दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशाला तीनशेच्या आसपास. गरम होताना आकडा उतरला पाहिजे. गाडीप्रमाणे थोडा फरक असतो.

स्विच तपासायला मीटरही लागत नाही. चावी चालू करून स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडा. एकच वायर असेल तर ती इंजिनच्या बॉडीला टेकवा. फॅन फिरला तर मोटार ठीक, स्विच गेला. हात मात्र पात्यांपासून लांब. नाही फिरला तर आधी फ्यूज, रिले बघा. मी काढलेला स्विच पातेल्यात बुडाला न टेकता धरून पाणी उकळलं, टेस्ट लॅम्प लावला. दिवा शेवटपर्यंत लागला नाही, तेव्हा खात्री पटली.

काढल्यावर बघितलं तर पितळी टोकावर क्षाराचा पांढरा थर. ठिबकच्या नळीत साचतो तसाच. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरात ओतणारा मीच. त्या थरातून स्विचला उष्णता कळणार कशी? आता कूलंट आणि बॅटरीचं पाणी, निम्मंनिम्मं. आणि पाणीच कमी झालं असेल तर नवा स्विचही काम करत नाही, कारण त्याचं टोक पाण्यात बुडालेलं नसतं. तेव्हा काटाही खोटं बोलतो, खाली दिसतो आणि इंजिन मात्र जळत असतं.

बदलायचं काम अर्ध्या तासाचं. इंजिन पूर्ण गार, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, नवा स्विच वॉशरसकट हातात तयार. जुना काढला की लगेच नवा बसवला तर पाणी तांब्याभरच सांडतं. अॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात, पान्यावर जोर देऊ नका. एका वायरच्या सेन्सरला टेफलॉन टेप गुंडाळू नका, त्याची अर्थिंग आट्यातूनच होते. मग पाणी भरून गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवा आणि फॅन स्वतःहून लागेपर्यंत, पुन्हा बंद होईपर्यंत तिथून हलू नका. दुकानात जाताना जुना स्विच खिशात घालून न्या. आटे, वायरींची संख्या आणि वर कोरलेले अंश जुळल्याशिवाय नवा घेऊ नका.