‘विंटेज’ नावाचे साल कॅलेंडरात नाही: सायकलच्या रिमचा कालविपर्यास

१/
पेशवाईवरच्या चित्रपटात मागे विजेचा खांब दिसला, तर इतिहासप्रेमी तरुण त्या दिग्दर्शकाला आठवडाभर सोडत नाहीत. हेच तरुण चामडी सीट, खाली वळलेले हँडल आणि खोल काळ्या रिम असलेली सायकल पाहिली, की ‘अस्सल विंटेज’ म्हणून माना डोलावतात. विजेचा खांब इथेही आहे. फक्त तो गोल आहे आणि फिरतो आहे.

२/
जुन्या धाटणीची रेसिंग सायकल बांधणे हा आज प्रतिष्ठित छंद झाला आहे. फ्रेम पोलादाची हवी, गिअरचे लिव्हर खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलवरून कमानीसारख्या बाहेर आलेल्या हव्यात, याबाबत मोठा काटेकोरपणा असतो. चाकापाशी पोहोचताच तो गळून पडतो. ‘रिम चंदेरी असली की झाले’, किंवा त्याहून वाईट, ‘लाकडी घाला, जुनी दिसेल.’

३/
दोन्ही वाक्यांत चूक एकच आहे. ‘जुने’ हा काळ नव्हे. १९१०, १९५० आणि १९८० ही तिन्ही साले जुनीच आहेत आणि तिन्ही सालांच्या रिम परस्परांहून भिन्न आहेत. शिवकाल आणि उत्तर पेशवाई ‘पूर्वीच्या काळी’ या एकाच पोत्यात भरणाऱ्याला जो अभ्यासक हसतो, त्याने विंटेज या शब्दालाही हसायला हवे. साल ठरेपर्यंत कोणतीही रिम बरोबर नसते आणि चूकही नसते.

४/
बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव रस्त्यावर झिजण्यासाठी असते. सायकलच्या रिमवर भार अधिक आहे: टायर धरून ठेवायचा, स्पोकचा ताण सोसायचा, आणि ब्रेक लागेल तेव्हा स्वतः घासून घ्यायचे. हे शेवटचे काम हौशी लोक हमखास विसरतात. रिमचा काळ मात्र बहुधा तिथूनच ओळखता येतो.

५/
ओळखीचे उदाहरण घ्यावे. आजोबांच्या काळ्या, २८ इंची, सळईच्या ब्रेकच्या सायकलीत ब्रेकचे रबर रिमच्या बाजूंना लागत नाही. सळई ते वर खेचते आणि रबर रिमच्या आतल्या, म्हणजे हबकडच्या, अंगावर दाबले जाते. म्हणून त्या रिमचा छेद गोलसर असतो. तिला वेस्टवुड रिम म्हणतात. तारेचा ब्रेक दोन्ही बाजूंनी चिमटा घेतो. त्याला सपाट बाजू लागतात. पोलादी रिममध्ये त्या घडणीला एन्ड्रिक असे नाव आहे. खापराच्या तुकड्यावरून भांड्याचा घाट सांगणारा पुरातत्त्वज्ञ नुसत्या रिमच्या तुकड्यावरून हरवलेला ब्रेक सांगू शकेल. अट एवढीच, की त्याने रंगाऐवजी छेद पाहायला हवा.

६/
आता रेसकडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शर्यतीच्या सायकलींवर लाकडी रिम मोठ्या प्रमाणावर होत्या. त्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती. लाकूड हलके होते आणि उष्णता फारशी वाहून नेत नव्हते. शर्यतीचे ट्यूब्युलर टायर रिमला चिकटवलेले असत. डोंगराच्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबल्याने धातू तापला आणि ते चिकटण सैल झाले, तर टायर निघून स्वार दरीत जायचा, ही भीती त्या काळात खरी होती.

७/
मग १९३४ साल उजाडले. फ्रान्सच्या मॅविक कंपनीने ड्युरॅल्युमिनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची पोकळ रिम बनवली. त्या वर्षीची टूर द फ्रान्स आन्तोनँ मान्य याने जिंकली. कंपनीच्या इतिहासात असे सांगितले जाते, की त्याच्या सायकलीला हीच नवी रिम होती आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून तिला लाकडाचा रंग दिलेला होता. ही हकिकत प्रामुख्याने कंपनीच्याच तोंडची आहे. बखरी वाचण्याची सवय असलेल्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

८/
तरीही ती खरी धरली, तर ‘दिसायला जुनी पुरे’ म्हणणाऱ्यांची पंचाईत होते. १९३४ चे छायाचित्र समोर ठेवून कुणी निष्ठेने लाकडी रिम बसवली, तर त्याची सायकल त्या छायाचित्राशी जुळेल आणि त्या सायकलीशी जुळणार नाही. डोळ्यांना दिसते ते समकालीनांनाही फसवू शकते. साधनचिकित्सेचा हा पहिला धडा शिलालेखांना लागू आणि सायकलींना माफ, असे कुठे लिहिलेले नाही.

९/
लाकडी रिमचा आजचा सोस याहून विचित्र आहे. इटलीत अशा सुंदर रिम अजूनही बनतात आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सायकलीवर त्या शोभतातही. पण १९७० च्या दशकातल्या गिअरच्या फ्रेमवर लाकडी रिम म्हणजे रेल्वेच्या डब्याला मेण्याचे पडदे. त्या दशकातला शर्यतीचा स्वार अ‍ॅल्युमिनियमच्या उथळ, पेटीसारख्या छेदाच्या, चकचकीत किंवा मंद चंदेरी रिमवर धावत होता. स्पोक दोन्ही चाकांना बहुधा ३६, आणि टायर चिकटवलेला.

१०/
स्पोकची संख्या हाही पुरावाच आहे. जुन्या ब्रिटिश सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोकची रीत होती. भारतीय रोडस्टरने तीच उचलली. युरोप खंडात दोन्हीकडे ३६ रूढ होते. इंग्लिश धाटणीची १९४० ची सायकल बांधून तिला ३६-३६ लावणाऱ्याने निदान आपण काय केले हे जाणून करावे.

११/
मापांचा गोंधळ तर कपाळाला हात लावण्यासारखा आहे. १९७० च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश व अमेरिकी रोड सायकलींना २७ इंची चाके होती. त्यांत टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६३० मिलिमीटर. आजच्या ७००सी चाकात तो ६२२. फरक ८ चा, म्हणजे त्रिज्येत ४ चा. ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकले नाही, तर ते रिमऐवजी टायरला घासते. टायर फाटल्यावर हा फरक कुणालाही समजतो. आधी समजला तर हाडे शाबूत राहतात.

१२/
१९७५ मध्ये मॅविकने मोड्युल ई नावाची अरुंद रिम आणली आणि कडेच्या तारेने अडकणारा क्लिंचर टायर शर्यतीच्या टायरशी स्पर्धा करू लागला. तिच्या कडांना आतून आकडीसारखा वळसा होता. जास्त दाबाचा टायर त्यात धरून राहतो. त्याआधीच्या पुष्कळ रिमच्या कडा सरळ होत्या. अशा अस्सल जुन्या रिमवर आजचा घडी होणारा टायर चढवून पूर्ण दाब भरला, तर तो चालत्या सायकलीवर उसळून बाहेर येऊ शकतो. तिला तारेच्या कडेचा टायर आणि माफक हवा लागते. जुन्या वस्तूवर प्रेम आहे म्हणणाऱ्याला तिच्या मर्यादाही ठाऊक हव्यात.

१३/
१९८० च्या दशकात कठीण थर दिलेल्या करड्या रिमची चलती झाली. उंच, पाचरीसारख्या छेदाच्या रिम सर्वसामान्य रोड सायकलीवर आल्या त्या १९९० च्या दशकात. काळ्या खोल रिमला विंटेज म्हणून विकणारे दुकानदार आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१४/
एक आक्षेप मात्र वजनदार आहे. ‘मग काय, इतिहासासाठी पावसात मरायचे?’ क्रोम चढवलेली पोलादी रिम ओली झाली की रबराची पकड भयंकर घटते, हे खरेच आहे. कोकणच्या पावसात अशा रिमवर घाट उतरणे हा अभ्यास नव्हे, अविचार आहे. पण हा आक्षेप चुकीच्या दारावर थाप मारतो. क्रोमची पोलादी रिम प्रामुख्याने स्वस्त आणि रोजच्या वापराच्या सायकलींची. शर्यतीच्या सायकलीवर अ‍ॅल्युमिनियम दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच पोहोचले होते आणि ओल्यात ते पुष्कळ बरे थांबते. म्हणजे सुरक्षित रिम इथे कालोचितही आहे. ती कालच कारखान्यातून आली असली, तरी छेद उथळ, स्पोक ३२ किंवा ३६ आणि रंग चंदेरी असेल, तर हरकत घेण्याचे कारण नाही. जुनी असणे आणि कालोचित असणे या दोन गोष्टी आहेत.

१५/
टस्कनीतल्या गायोले गावी १९९७ पासून भरणारी ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची यात्रा हेच मानते. १९८७ पूर्वीच्या सायकली, किमान ३२ स्पोक, उथळ रिम असा तिचा नियम. जुन्या धाटणीने बांधलेल्या नव्या पोलादी सायकलींनाही वाव. नियम चांगला आहे, पण तो प्रवेशद्वारावरचा नियम आहे. १९३५ आणि १९८५ दोन्ही त्यातून आत जातात. तेवढ्यावर ‘लेरोइकाला चालते, म्हणजे बरोबर’ म्हणणे हे तिकीट तपासनिसाला इतिहासकार समजणे होय.

१६/
सर्वांत मोठा अन्याय आपल्याच रोडस्टरवर होतो. तिची फ्रेम काढून, हँडल वाकवून, ७००सी चाके घालून ‘विंटेज रेसर’ बनवण्याची टूम आहे. तिच्या मूळ चाकाचा व्यास ६३५, टायर सुमारे ३८ मिलिमीटर जाड. त्याजागी ६२२ आणि २५ चा टायर आला, की सायकल सुमारे दोन सेंटीमीटर खाली बसते आणि वळणावर पेडल रस्त्याला टेकण्याची शक्यता वाढते. सळईचा ब्रेक निरुपयोगी होतो आणि नव्या ब्रेकला जागाच नसते. जन्मात कधी शर्यत न धावलेल्या सायकलीला शर्यतीचा खोटा भूतकाळ चिकटवला जातो. आणि ३२-४० स्पोकची ती वेस्टवुड चाके, जी टपाल, दूध आणि दोन पिढ्यांची शाळा वाहून थकलेली नव्हती, ती किलोच्या भावाने भंगारात तोलली जातात.