शिकारीचा परवाना

पुण्यास असलेल्या आमच्या पुतण्याने परवा दूरध्वनीवर, 'काका, आधी जॉब हंटिंग, मग फ्लॅट हंटिंग,' असा कार्यक्रम सांगितला, तेव्हा ज्या कुळात ढेकणाखेरीज कोणाचाही वध झाल्याची नोंद नाही त्यात असा मृगयाशील पुरुष निपजावा याचे आम्हांस नवल वाटले. इंग्रज मनुष्य नोकरीपासून हरवलेल्या चष्म्यापर्यंत सर्वांची शिकार करतो. आम्ही नोकरीसाठी उंबरठे झिजवतो, आणि पुतण्याचेही तेच चालले असावे.

कायदा याहून उदार आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मारणे, विष घालणे, फासे लावणे, हाका करणे, तसा नुसता प्रयत्न करणे, इतकेच काय, रानपाखराचे घरटे विसकटणे हीसुद्धा शिकारच. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराविरुद्ध मात्र रीतसर अर्ज करून लेखी परवाना मागता येतो.

आता कंधारच्या माळावरचे रानडुक्कर अर्जाच्या निकालापर्यंत थांबणारे नव्हे. शेजारचे पाटील सोयाबीन वाचवण्यासाठी गोफण, पत्र्याचा डबा नि बॅटरी घेऊन जागलीला जातात, पहाटे तांबारलेल्या डोळ्यांनी परततात आणि उकरलेल्या सऱ्यांचा हिशेब आम्हांस ऐकवतात. शेजारच्या कल्याणीस बसून चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त मृगयेला राजाच्या विनोदांत स्थान दिले. त्या विनोदी राजास एक रात्र पाटलांच्या मचाणावर बसवावयास हवे होते.

परवाना मिळाला तरी बंदूक कोणाची आणि माग कोण काढणार? हे इल्म पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती होते त्या पारध्यांस इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्याने सुरू केलेल्या व्यवस्थेत जन्मतः गुन्हेगार ठरवले. ती व्यवस्था 1952 च्या 31 ऑगस्टला गेली, पण दप्तरातून गेलेली गोष्ट लोकांच्या मनातून जातेच असे नाही. साहेब बंदूक घेऊन रानात शिरला की त्याचा फोटो दिवाणखान्यात लागे, आणि तित्तर-लाव्यांवर पोट भरणाऱ्या फासेपारध्याची हजेरी चावडीवर लागे. पुढे शिकार सर्वांनाच बंद झाली. साहेबाचा छंद बुडाला, याची भाकर बुडाली, आणि भाकरीऐवजी शेतजमीन देण्याची निकड फारशी कोणास भासली नाही.

हे आम्ही पाटलांस ऐकवले, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पारध्याला बोलवलं तर एका रात्रीत काम होईल, पण मग डुक्कर राहील बाजूला, अन्‌ गावात कुणाची कोंबडी हरवली तरी चौकशी त्याचीच व्हायची."