अठरा ते तीस : मिरगीच्या रुग्णाला वाली कोण?

वाशीमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाले. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आणि 2018 मध्ये नीती आयोगाने 'आकांक्षित' ठरवलेला हा जिल्हा. त्याला डॉक्टर घडविणारी संस्था मिळायला सव्वीस वर्षे लागली. महाविद्यालय आले याचा आनंद आम्हालाही आहे. परंतु आरोग्यव्यवस्था कोणाची, हे इमारतीवरून ठरत नसते. ज्या आजारासाठी मोर्चा निघत नाही, ज्याचे नाव घरातही दबक्या आवाजात घेतले जाते, त्या आजाराच्या माणसाला ती काय देते यावरून ते ठरते. असा एक आजार म्हणजे मिरगी, वैद्यकीय भाषेत अपस्मार.

वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा विचार करा. पदवीचे शेवटचे वर्ष, पहाटे मैदानावर भरतीची तयारी, दुपारी अभ्यासिका. एके दिवशी तो कोसळतो, हातपाय आखडतात, तोंडाला फेस येतो. काही दिवसांनी पुन्हा तेच. डॉक्टर कागदावर 'अपस्मार' लिहितात आणि त्या एका शब्दासरशी सैन्यभरतीचा रस्ता बंद होतो. वाहन परवान्याच्या घोषणापत्रात मिरगीचा प्रश्न सरळ विचारलेला असतो, म्हणजे ऑटो किंवा ट्रॅक्टर चालवून पोट भरण्याची वाटही गेली. झटके थांबलेले नसताना गाडी चालवू नये, विहिरीच्या काठावर अथवा सोयाबीनच्या मळणीयंत्राजवळ काम करू नये, हे डॉक्टरांचे म्हणणे रास्तच आहे. पण मग भूमिहीन मजुराच्या मुलाने करायचे काय? बागायतदाराच्या घरात आजार शिरला तर प्रकृती बिघडते. मजुराच्या घरात शिरला तर त्या दिवशीची भाकरही जाते.

आता शासनाकडे बघा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात झटक्यांच्या आजाराची तपासणी आहे, पण ती अठरा वर्षांपर्यंत. पुढे असंसर्गजन्य आजारांची तपासणी सुरू होते ती तिशीनंतर, आणि तीही मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांची. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न हे सारे ज्या वयात ठरते, त्याच वयात मिरगी झालेला तरुण कोणत्याही रकान्यात बसत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. त्यात पार्किन्सन आहे, मिरगी नाही. एका हाताने शासन नोकरीचे दार बंद करते आणि दुसऱ्या हाताने सवलतीचे दार उघडत नाही. हा कुठला न्याय?

रकाना नसला की माणूस भगताकडे जातो. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, बाहेरची बाधा म्हणून गंडादोरा बांधणे हे आजही चालते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली आणि त्यानंतर महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. बाबासाहेबांनी आम्हाला ज्या अंधश्रद्धेतून बाहेर काढले, ती मिरगीच्या निमित्ताने मागच्या दाराने घरात येत असेल तर भिंतीवरचा फोटो काय कामाचा?

मुलींची कथा आणखी कठीण. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात मिरगीचे वारंवार येणारे झटके ही लग्नातली अडचण ठरविण्यात आली आणि त्या आधारावर लग्न रद्द करून घेता येऊ लागले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे लक्षात ठेवावे. मेंदूतील विजेच्या क्षणिक गोंधळाला संसदेने वेडाच्या पंक्तीत बसविले आणि तो शब्द काढायला 1999 साल उजाडले. कायद्यातून शब्द गेला, सोयरिकीच्या बैठकीतून मात्र गेला नाही. म्हणून आईबाप आजार लपवितात. सासरी गेलेली मुलगी गोळ्या लपवून खाते किंवा बंद करते, आणि एकाएकी गोळी बंद केली की झटका उलटतो, कधी जिवावरही बेततो. लपवून केलेले लग्न फसवणूक म्हणून न्यायालयात ओढले जाऊ शकते ते वेगळेच. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशनने अपस्मार असलेल्यांसाठी विवाह मंडळ चालविले. आमच्या वधू-वर मेळाव्यांना हे का जमू नये?

मिरगी कोणत्या पापाचे फळ नाही. डोक्याला मार, जन्माच्या वेळची इजा, मेंदूज्वर, गाठ, अशी कारणे असतात. अनेकदा कारण सापडतही नाही. आपल्याकडचे एक कारण म्हणजे मेंदूत बसणारी पट्टकृमीची अळी. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाजीपाल्यावर येतात, म्हणून कधीही मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. डुकरे पाळणाऱ्या वस्तीकडे बोट दाखविणाऱ्यांनी हे वाचावे. दोष वस्तीचा नाही. तिथे संडास, गटार आणि स्वच्छ पाणी न पोहोचविणाऱ्यांचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे, त्यातले जवळपास 80 टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. योग्य निदान व औषध मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. फेनोबार्बिटोनसारखी जुनी औषधे अत्यंत स्वस्त आहेत. 1992 च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करणारी ती झेप घेणारा जॉन्टी ऱ्होड्सही मिरगीचाच रुग्ण.

म्हणून नव्याने निदान झालेल्या आमच्या मुलामुलींना सांगणे आहे. गोळी रोज, ठरल्या वेळी घ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. झोप मोडू नका, दारूला शिवू नका. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत अवश्य या, पण रात्रभर जागू नका. मुलींनी लग्नाआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला घातक ठरू शकते. आणि भोवतीच्यांनो, झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका, हातपाय दाबू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. जिल्ह्यातील सहाही तालुक्यांत ठरल्या दिवशी अपस्मार तपासणी व्हावी. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळाव्यात. वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूविकारतज्ज्ञ असावा. समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजारवरून जातो, पण मेंदूच्या डॉक्टरसाठी वाशीमच्या माणसाने सुमारे 80 किलोमीटरवरचे अकोला किंवा थेट नागपूर गाठायचे असेल, तर समृद्धी कोणाची? 17 नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन. त्या दिवशी प्रत्येक बुद्धविहारात एक डॉक्टर बोलवा, आणि ज्याला मिरगी आहे त्याला पहिल्या रांगेत बसवा. समाजाने नाव घेतले की शासनाला रकाना करावाच लागतो.