तीनशे शब्दांचा निबंध आणि बाल न्यायाची कसोटी

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा. काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. देशभर उसळलेला संताप रास्तच होता. मात्र तो ज्या मागणीत जाऊन थांबला, ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, ही ती मागणी. पोलिसांनी केलेला तसा अर्ज मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळला, तेव्हा ‘श्रीमंताला वेगळा न्याय’ हा सूर पुन्हा लागला. वस्तुतः 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयोगटातील मुलाबाबत असा विचार केवळ ‘निर्घृण’ गुन्ह्यात होऊ शकतो आणि त्यासाठी त्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली असावी लागते. सदोष मनुष्यवधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, परंतु किमान सात वर्षांचे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात हाच भेद स्पष्ट केला. तो खटलाही दिल्लीत अल्पवयीनाच्या मोटारीखाली सापडलेल्या तरुणाचा होता आणि न्याय मागणारी त्याची बहीण होती.

पुणे प्रकरणातील खरी कीड मुलाच्या वयात नाही. रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप डॉक्टरांवर आणि पालकांवर आहे, म्हणजे प्रौढांवर. त्यांच्यासाठी वेगळ्या कायद्याची गरज नाही. अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला 2019 पासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे; गोव्यातील शाळांच्या फाटकांबाहेर उभ्या स्कूटरी पाहता ती कोणाच्या खिजगणतीत असावी असे वाटत नाही.

‘निर्घृण’ची व्याख्या सैल केली, तर तिचा फास कोणाच्या गळ्यात पडेल? उत्तम वकील उभा करणाऱ्या घरातील मुलाच्या खासच नाही. याच कायद्याचे बारावे कलम बालकाला जामीन देणे हा नियम मानते. अपवाद मोजके, त्यातला एक, सुटका झाल्यास मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता. पुण्यात आजोबांनी नातवाला वाईट संगतीपासून दूर ठेवण्याची हमी दिली आणि ती ग्राह्य धरली गेली. झोपडपट्टीतल्या, चोरीच्या आरोपाखाली पकडलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र त्याची वस्तीच ‘वाईट संगत’ ठरू शकते. मेरशीच्या ‘अपना घर’मधून मुले पळाल्याच्या बातम्या गोव्याला नव्या नाहीत. त्या बातम्यांत किती मुले पळाली, किती सापडली याचा आकडा असतो; त्यांच्यापैकी कितींसाठी मंडळापुढे हमी द्यायला घरचे कोणी उभे राहिले होते, हे कोणी विचारत नाही.