एम.ए. इतिहास झालं, पण मोडीचा कागद वाचता येईना!

थोडं स्पष्टच लिहितो. पटलं नाही तर खाली भांडा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात दोन वर्षांचं एम.ए. म्हणजे चार सत्रं, 88 श्रेयांक. त्यात संशोधन पद्धतीचे 4, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे 4 आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात मिळून संशोधन प्रकल्पाचे 10. कागदावर सगळं झकास आहे. पण मूळ साधन स्वतः वाचता आलं पाहिजे, ही अट बहुतेक ठिकाणी नाही. मोडी असलीच तर ऐच्छिक, नाहीतर वेगळा सर्टिफिकेट कोर्स. मग प्रकल्प कशावर होतो? चार छापील पुस्तकांवरून पाचवं!

याची किंमत आपण 2023 मध्ये मोजली आहे. कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या तहसीलांतून जुने दस्तऐवज बाहेर निघाले, त्यात मोडी होती, उर्दू होती, आणि वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ प्रशासनावर आली. दरवर्षी इतक्या पोरांना आपण इतिहासाची पदव्युत्तर पदवी देतो, ती पोरं तेव्हा कामाला का आली नाहीत? आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, एखाद्या घराचा दाखला लिपी वाचणारा नाही म्हणून अडावा, ही लाजेची गोष्ट आहे.

पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर बहुतांश मोडीत आहे. रियासतकार सरदेसाईंनी त्यातून निवडक कागदांचे 45 खंड काढले, तरी तो दफ्तराचा अगदी छोटा हिस्सा. बाकीचं कोण वाचणार? इतिहासाचार्य राजवाड्यांकडे एम.ए. नव्हतं, पण गावोगाव फिरून जमवलेली दप्तरं वाचायची ताकद होती. आपण उलटं करून बसलोय.

कुणी म्हणेल, 'सगळ्यांना थोडंच मराठेशाहीवर काम करायचंय? निम्मी पोरं एमपीएससी, नेटसाठी येतात.' मान्य. म्हणून मोडीच हवी असा हट्ट नाही. प्राचीन घेणाऱ्याने ब्राह्मी घ्यावी, मध्ययुगीनवाल्याने फारसी किंवा मोडी. आधुनिक काळावर काम करणाऱ्याने निदान जुनी वर्तमानपत्रं आणि सरकारी फायली चाळाव्यात, नाहीतर गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती नीट नोंदवून घ्याव्यात. पण एक तरी मूळ साधन हाताळल्याशिवाय पदवी नको.

यासाठी नवा जीआरही लागणार नाही. ते ऑन जॉब ट्रेनिंगचे 4 श्रेयांक आहेतच की. पोरांना कुठल्यातरी ऑफिसात सही-शिक्क्यापुरतं पाठवण्यापेक्षा तहसीलच्या अभिलेख कक्षात, पुराभिलेखागारात, जुन्या वाचनालयात पाठवा. यादी करू दे, वाचू दे, उतरवू दे. कागदांना वाली मिळेल आणि पोरांच्या हाताला दाखवण्यासारखं कौशल्य. मोडी लिप्यंतराला आजही लोक पैसे मोजतात. जमिनीच्या वादात, वारसा नोंदीत त्याची गरज पडतेच.

अभ्यास मंडळावर जे प्राध्यापक आहेत, त्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा, ही जाहीर विनंती. आणि पोरांनो, प्रवेश घेताना कॉलेजला एवढंच विचारा: 'सर, दोन वर्षांत आम्हाला अस्सल कागद हातात मिळणार का?'

उत्तर काय आलं ते इथे कळवा.