सांधा दाखवा!

प्रीकास्ट इमारतींच्या जाहिराती वाचल्या की माझं डोकं फिरतं. किती दिवसांत किती मजले चढले, किती सिमेंट वाचलं, किती पाणी वाचलं, धूळ कशी उडाली नाही, सगळे आकडे ठळक अक्षरांत. २०२२ साली बामणडोंगरीला सिडकोच्या गृहप्रकल्पात ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत उभी राहिली, तेव्हा दिवसांचाच आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी होता. काम मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण यार्डात ओतलेले हे सुटे तुकडे एकमेकांना कशाने धरून राहतात, हा प्रश्न त्या कौतुकात मला कुठेच दिसला नाही. मी इमारतींचे आराखडे करतो. मला आधी तोच प्रश्न पडतो, आणि तो विचारणाऱ्याकडे विकासविरोधी म्हणून बघायची जी रीत पडली आहे, तिची मला चीड येते.

जागेवर ओतलेल्या इमारतीत बीमच्या सळया कॉलममधून आरपार जातात, काँक्रीट एकजीव होतं. प्रीकास्टमध्ये कॉलम, बीम, भिंत, स्लॅबची फळी, प्रत्येक नग सुटा. भूकंपात नग सहसा दगा देत नाही, कारण तो यार्डात, साच्यात, नीट देखरेखीखाली तयार झालेला असतो. सुटतो तो सांधा. जमीन इमारतीला कधी इकडे, कधी तिकडे हिसके देते आणि प्रत्येक हिसक्याला सांध्याने वाकायचं असतं, वाकून तुटायचं नसतं. नुसता टेकवलेला बीम वर्षानुवर्षं स्वतःच्या वजनावर निमूट बसून राहतो आणि त्या काही सेकंदांत घसरतो.

इटलीत एमिलियाच्या औद्योगिक पट्ट्यात मे २०१२ मध्ये हेच झालं. प्रीकास्ट शेडच्या छताचे बीम कॉलमच्या डोक्यावर नुसते ठेवलेले, घर्षणाच्या भरवशावर. २० मेच्या भूकंपात काही शेड कोसळल्या. कामगार पुन्हा कामावर आले. २९ मेला सकाळी, कामाच्या वेळेत, दुसरा मोठा हादरा बसला आणि आणखी शेड माणसांसकट खाली आल्या. तो भाग २००३ पर्यंत भूकंपाच्या नकाशात धोक्याचा मानलाच जात नव्हता, त्यामुळे आधीच्या शेडमध्ये बीम कॉलमला बांधण्याची सक्ती नव्हती. बीम आणि कॉलममध्ये एक पोलादी खुंटी घालायला सक्ती लागावी?

‘आपल्याकडे कुठे भूकंप होतोय’ असं म्हणणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होतं. आणि २०१६ च्या मानकाप्रमाणे मुंबई-पुणे तिसऱ्या क्षेत्रात येतात, कोयना चौथ्या. नकाशावर विसंबून सांधा स्वस्तात उरकणाऱ्याला महाराष्ट्रात तरी तोंड असू नये.

दोष प्रीकास्टचा नाही, हे लेनिनाकानने दाखवलं. आर्मेनियातलं हे शहर, आजचं ग्युमरी. ७ डिसेंबर १९८८ च्या स्पिताक भूकंपात सुमारे २५ हजार माणसं मेली. लेनिनाकानमधल्या नऊ मजली प्रीकास्ट चौकटीच्या इमारती एकामागून एक जमीनदोस्त झाल्या, आणि त्याच शहरात मोठ्या प्रीकास्ट पॅनेलच्या इमारती उभ्या राहिल्या. दोन्ही प्रीकास्टच. चौकटीच्या इमारतींत वेल्डिंगचे सांधे कच्चे आणि मजल्याच्या पोकळ फळ्या एकमेकींना धड बांधलेल्या नाहीत. पॅनेलच्या इमारतींत लांबच लांब भिंती आणि ताण वाटून घेणारे सांधेही जास्त. २००१ च्या भूजच्या भूकंपात कच्छमधल्या प्रीकास्ट शाळांच्या छताच्या फळ्या अशाच सुटून खाली आल्या. टेकू अपुरा आणि जोडणी अपुरी. दिवस २६ जानेवारीचा होता. शाळा भरलेली असती तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

सांधा कसा होतो ते जवळून सांगतो. खालच्या कॉलममधून वर आलेल्या सळया वरच्या कॉलमच्या पायात बसवलेल्या पोलादी नळ्यांत शिरतात. क्रेनने कॉलम अधांतरी धरलेला असतो, माणसं तो हाताने वळवून ओळंब्यात आणतात, खाली पत्र्याच्या चकत्या सरकवून पातळी साधतात. मग तळाची फट कडेने बंद करायची, नळीच्या खालच्या भोकातून पंपाने ग्राउट भरायचं आणि वरच्या भोकातून ते अखंड, बुडबुड्याशिवाय बाहेर येईपर्यंत थांबायचं. त्यानंतरच बूच. पाणी मोजूनच घालायचं, कालवलेलं ग्राउट घट्ट व्हायच्या आत संपवायचं. बूच बसलं की आतलं कुणालाही दिसत नाही. नळी अर्धी पोकळ राहिली तरी बाहेरून कॉलम तसाच देखणा. आणि हे काम आपण कुणाला देतो? नगावर पैसे घेणाऱ्या पोटकंत्राटदाराला, जो जितक्या लवकर पुढच्या कॉलमकडे जाईल तितकी त्याची कमाई.

एका साइटवर सळई नळीशी जुळेना. क्रेनचं भाडं तासावर. मुकादमाने गॅस कटर मागवला आणि सळई मुळातून कापली. कॉलम बसला, ग्राउट भरलं, नोंदवहीत त्या कॉलमच्या सगळ्या सळयांपुढे बरोबरची खूण झाली. मी काम बंद करायला लावलं तेव्हा प्रकल्पाचा मॅनेजर म्हणाला, ‘साहेब, आजचा मजला आज चढला पाहिजे.’ ती सळई पंचवीस मिलिमीटरची होती. भूकंपात तो कॉलम उपटला जाऊ नये म्हणूनच ती तिथे ठेवलेली होती.

भारतीय मानक १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत प्रीकास्टला परवानगी आहे, पण अट आहे: जागेवर ओतलेल्या बांधकामाइतकीच तन्यता, म्हणजे वाकून न तुटण्याची ताकद, मिळाली पाहिजे. चोख अट. ती पुरी झाली हे सिद्ध करा म्हटलं, सांध्याचा पूर्ण आकाराचा नमुना उलटसुलट ढकलून तपासल्याचा अहवाल मागितला, की माझ्या हातात गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक पडतं.

आता ‘हरित’ या दाव्याकडे येतो. फ्लाय ॲश घातली, शटरिंगचं लाकूड वाचलं, राडारोडा कमी झाला, हे सगळं खरं आणि मोलाचं. पण भूकंपानंतर जी इमारत पाडावी लागते तिचं सिमेंट, पोलाद, वाळू दोनदा खर्ची पडते. क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ नंतर शहराच्या मध्यभागातल्या कित्येक काँक्रीट इमारती कोसळल्या नव्हत्या, तरी पाडाव्या लागल्या. त्याच शहरात सदर्न क्रॉस रुग्णालयाची एक प्रीकास्ट इमारत किरकोळ नुकसानावर निभावली. तिच्या चौकटीत पोलादी तारा ओढून ताणलेल्या आहेत. हादऱ्यात सांधा उघडतो, तारा तो पुन्हा मिटवतात आणि भूकंपाची ऊर्जा जिरवायला वेगळ्या नरम सळया आहेत. नायजेल प्रिस्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सॅन डिएगोत याच विचाराची पाच मजली इमारत प्रयोगशाळेत हलवून दाखवली होती. ज्ञान हाताशी आहे. हरित प्रमाणपत्राच्या गुणपत्रिकेत दुरुस्त होणाऱ्या सांध्याला गुण मिळत नसतील, तर त्या प्रमाणपत्राला मी किंमत देत नाही.

नवी इमारत म्हणजे सुरक्षित, असंही समजू नये. वेलिंग्टनचं स्टॅटिस्टिक्स हाऊस २००५ चं. १४ नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपात बीमची चौकट लांबली, प्रीकास्ट फळ्यांचा टेकू सुटला आणि मजल्याचे भाग खाली पडले. मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणून कचेरीत कुणी नव्हतं.

म्हाडा, सिडको, महापालिकांनी निविदेत सांध्यांचा दर वेगळा काढावा आणि तो नगावर देणं बंद करावं. ग्राउट कुणी, कधी, किती पाण्यात कालवलं, याची नोंद घर घेणाऱ्याला मागता आली पाहिजे. दर दिवशी त्याच ग्राउटने, त्याच माणसाच्या हातून एक जादा नळी भरून घ्यावी, ती पुरेशी पक्की झाली की प्रयोगशाळेत सळई तुटेपर्यंत ओढावी. सळई तुटली तर सांधा पास. ती नळीतून निसटून आली, तर त्या दिवशी भरलेल्या एकाही कॉलमवर पुढचा मजला चढवू देऊ नये.